नुसत्या रंगाचं चित्र ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कसं उतरवायचं

बेळगावजवळच्या खानापूरला आमच्या ड्रॉइंगच्या सरांच्या घरी त्यांची पंधरा-वीस जुनी कॅनव्हास आहेत, सगळी नुसत्या रंगाची, त्यात झाड नाही माणूस नाही डोंगर नाही, दोन नाहीतर तीन रंग मोठ्या जागेत पसरलेले आणि कडेला एकमेकांत मुरलेले. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको, जून लागला की भिंतीला ओल येते, कपाटातल्या साड्यांना वास येतो आणि कॅनव्हासच्या पाठीला पांढरी बुरशी धरते. सरांनी एक नारिंगी-तपकिरी चित्र काढून दाखवलं, खालच्या कोपऱ्यात ठिपके पडलेले, आणि म्हणाले, "ह्याची एक टिकणारी प्रत निघंल काय बघ की गं." कागदावर काढली असती तर दोन-चार पावसाळ्यांत तिचीही तीच गत, म्हणून मी ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या मागे लागले. पहिले दोन पत्रे वाया गेले, तिसरा बरा निघाला. ते दोन कशाने गेले ते आता नीट कळलंय म्हणून हे लिहितेय, बेळगाव-निपाणी-चिकोडीकडं कोणी हे पहिल्यांदा करणार असेल तर त्यांचे तरी पैसे वाचावेत.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा. गणपतीचं किंवा देखाव्याचं चित्र छापताना रंग जरा इकडे तिकडे झाला तरी डोळा चेहऱ्याकडे जातो, चूक झाकून जाते. कलर फील्ड म्हणतात तसल्या चित्रात डोळ्याला जायला दुसरी जागाच नसते. एका कोपऱ्यात उजेड थोडा जास्त पडला, प्रिंटरचं एक नोझल, म्हणजे शाई फवारणारं बारीक छिद्र, बंद होतं, पत्र्यावर एक धुळीचा कण राहिला, सगळं दिसतं, आणि एकदा दिसलं की रोज तेच दिसत राहतं. त्यामुळे ह्या कामातली निम्म्याहून जास्त मेहनत छापायच्या आधीची आहे.

आधी कुणाचं चित्र, ते ठरवा

बरेच जण नेटवरून मार्क रोथको ह्या अमेरिकन चित्रकाराचं, असल्याच नुसत्या रंगाचं चित्र उतरवून घेतात आणि थेट फ्लेक्सवाल्याकडे जातात. असं करू नका. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजायची. मार्क रोथको १९७० ला गेले, म्हणजे ह्या हिशोबाने २०३० संपेपर्यंत थांबा. आपल्याकडचे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ ला गेले, ते २०६१ पर्यंत. चित्रकार एस. एच. रझा २०१६ ला गेले, त्यांचं तर अजून लांब. आणि हेही ध्यानात घ्या की चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला असं होत नाही, तो वेगळा आणि लेखी घ्यावा लागतो.

सगळ्यात चांगलं म्हणजे स्वतःचं चित्र, नाहीतर ओळखीच्या चित्रकाराचं. आपल्या भागात चित्रकारांची काही कमी नाही, के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली बेळगावात किती जण तयार झाले, रवी परांजपे त्यांच्याकडेच शिकले. कुणाच्याही घरी जाऊन विचारा, माळ्यावर कॅनव्हास सापडतील. फक्त एका कागदावर लिहून घ्या की कुठलं चित्र, कुठल्या मापात, किती प्रती, विकायच्या की घरात लावायच्या. सर माझे गुरू, तरी मी लिहून घेतलं, आणि त्यांना ते आवडलं.

गायतोंडे आणि रोथको छापायचे नाहीत म्हणून बघायचे नाहीत असं मात्र नाही. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलरनी १९५२ मध्ये रंग पातळ करून, अस्तर न लावलेल्या कॅनव्हासवर ओतून तो कापडात मुरवला, त्यामुळे रंग कापडावर बसलेला नाही तर कापडच रंगीत झालंय. गायतोंडे उलट, रोलरने आणि पॅलेट नाईफने थर चढवायचे, खरवडायचे, परत चढवायचे, त्यामुळे आतून उजेड आल्यासारखा वाटतो. तुमच्या हातातलं चित्र ह्यातल्या कुठल्या जातीचं आहे, मुरलेलं की थरांचं, हे आधी बघा, कारण पत्र्याचं फिनिश त्यावरच ठरतं.

पत्रा कुठला

बेळगावकरांना ॲल्युमिनियम काही नवीन नाही, यमनापूरचा कारखाना आता हिंडाल्कोचा, पण जुनी माणसं अजून इंडालच म्हणतात. छापायचा पत्रा मात्र वेगळा मिळतो, आणि 'मेटल प्रिंट' म्हणून तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, त्यांची गल्लत करू नका.

पहिली वस्तू, विनाईल किंवा फोटो पेपर छापून एसीपी शीटवर चिकटवलेला. एसीपी म्हणजे दुकानांच्या पाट्यांना लावतात ती, दोन बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि मधे प्लास्टिक. हे स्वस्त पडतं, बेळगावात खडेबाजारापासून अनगोळपर्यंत कुठलाही बोर्डवाला करून देतो, पण त्याला मी मेटल प्रिंट म्हणणार नाही, आणि आपल्या हवेत काही वर्षांनी कडा सुटायची भीती असते.

दुसरी, यूव्ही फ्लॅटबेडवर, म्हणजे शीट सपाट ठेवून छापणाऱ्या मशीनवर, थेट एसीपीवर छापलेली. शाई पत्र्यावर पडते आणि यूव्ही दिव्याखाली तिथंच सुकते. ह्यात पांढरी शाईसुद्धा असते म्हणून कुठल्याही रंगाच्या शीटवर छापता येतं. उन्हाला ही शाई बऱ्यापैकी टिकते. तोटा असा की शाईचा थर वर बसतो, तिरकं बघितलं तर मशीनच्या फेऱ्यांचे पट्टे चमकताना दिसू शकतात.

तिसरी म्हणजे सब्लिमेशन. पॉलिस्टरचा लेप दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा येतो, साधारण १.१४ मिलिमीटर जाड, क्रोमालक्स वगैरे नावाने. चित्र आधी कागदावर उलटं छापतात, तो कागद पत्र्यावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सियसला दाबतात, शाईची वाफ होते आणि ती लेपाच्या आत शिरते. वर काही बसत नाही, रंग आत असतो, त्यामुळे खोली येते. माझं मत स्पष्ट आहे, घरातल्या भिंतीसाठी आणि नुसत्या रंगाच्या चित्रासाठी सब्लिमेशनच घ्या. बाहेर व्हरांड्यात उन्हात लावायचं असेल तरच यूव्ही.

सब्लिमेशनच्या पत्र्यात परत फिनिश आली. पांढऱ्या लेपाची चकचकीत, पांढऱ्या लेपाची मॅट, आणि 'क्लिअर' म्हणजे खालचा धातू दिसणारी. सब्लिमेशनला पांढरी शाई नसते, चित्रातला पांढरा म्हणजे पत्र्याचा पांढरा. क्लिअर पत्र्यावर म्हणूनच फिकट पिवळा, मोतिया, आकाशी हे सगळे करडे होऊन जातात. दुकानात क्लिअरचा नमुना फार भारी दिसतो, चमकतो, मीही आधी त्यालाच भुलले होते, पण हलक्या रंगाच्या चित्राला तो मारक आहे. मुरलेल्या रंगाच्या चित्राला पांढरा मॅट, कारण मूळ कापड उजेड पिऊन घेतं, चकाकत नाही. थर चढवलेल्या, व्हार्निश मारलेल्या गडद चित्राला चकचकीत चालतो, काळा आणि गडद लाल त्यात जास्त खोल जातो, पण मग समोर खिडकी किंवा ट्यूबलाईट नको, नाहीतर भिंतीवर आरसा लावल्यासारखं होईल.

फोटो: इथेच सगळं ठरतं

माझा पहिला पत्रा इथे गेला. सरांच्या घरासमोर लाल मातीचं अंगण आहे. मी विचार केला सावलीतला उजेड चांगला, म्हणून कॅनव्हास सोप्याच्या दारात उभं केलं आणि फोटो काढला. स्क्रीनवर छान दिसलं. पत्र्यावर आल्यावर सरांनी एका नजरेत सांगितलं, "खालचा पट्टा लाल झालाय, मी तसा केला नव्हता." अंगणातल्या मातीचा लाल उजेड खालून चित्रावर पडला होता. देखाव्यात हे कुणालाही कळलं नसतं. तेव्हापासून मी फोटो खोलीतच काढते, खिडक्यांना काळं कापड लावून, आणि अंगात काळा नाहीतर करडा कुर्ता घालून, कारण अंगावरचा रंगसुद्धा चित्रावर पडतो.

लागतं काय तर ट्रायपॉड, रॉ म्हणजे न दाबलेली मूळ फाईल देणारा कॅमेरा, ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स, दोन एकसारखे दिवे, आणि रंग जुळवायला ठरावीक रंगांच्या चोवीस चौकोनांचं कलर चेकर कार्ड. दिवे घेताना सीआरआय ९५ किंवा वरचे घ्या, त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा हा आकडा बल्बच्या खोक्यावर असतो, कमी सीआरआयचा दिवा लाल रंग मारून टाकतो. दोन्ही दिवे चित्राच्या दोन बाजूंना ४५ अंशात ठेवा आणि शक्य तितके लांब न्या, निदान चित्राच्या रुंदीच्या दीडपट तरी. जवळ ठेवले की कडा उजळ आणि मधे अंधार.

आता उजेड सगळीकडे सारखा आहे का ते बघायचं. चित्राच्या जागी तेवढाच मोठा पांढरा कागद लावा, त्याचा फोटो घ्या, आणि कॉम्प्युटरवर चारी कोपऱ्यांतले आणि मधले उजेडाचे आकडे बघा. फरक पाच टक्क्यांच्या आत येईपर्यंत दिवे सरकवत राहा. एक तास गेला तरी जाऊ दे. हा कोऱ्या कागदाचा फोटो जपून ठेवा, काही सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यावरून चित्राच्या फोटोतला उरलेला चढउतार काढून टाकता येतो, त्याला फ्लॅट फील्ड करेक्शन म्हणतात.

कॅमेरा चित्राला अगदी समांतर हवा. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे, चित्राच्या मधोमध एक लहान आरसा सपाट टेकवून धरा आणि कॅमेऱ्यातून बघा, आरशात लेन्सचं तोंड बरोबर मधे दिसलं की झालं. आयएसओ १००, एफ ८, व्हाईट बॅलन्स ऑटोवर अजिबात नको, टायमर किंवा रिमोटने क्लिक. आधी कार्ड चित्रासमोर धरून एक फोटो, मग कार्ड काढून, काही न हलवता दुसरा. चित्रावर व्हार्निशची चमक येत असेल तर दिव्यांवर चमक अडवणारी पोलरायझर फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर लावून फिरवला की चमक जाते, पण फिल्म महाग असते आणि रंग जरा जास्तच गडद येतात, त्यामुळे गरज असेल तरच.

दिवे नसतील तर पावसाळ्यातला ढगाळ दिवस वापरता येतो, बेळगावात जुलै-ऑगस्टमधे तसे दिवस भरपूर. ढगाचा उजेड मऊ आणि सारखा असतो. पण ढग सरकला की उजेडाचा रंग बदलतो, म्हणून प्रत्येक फोटोआधी कार्डाचा फोटो परत घ्या, आणि लाल माती, हिरवी झाडं, रंगवलेली भिंत ह्यांच्यापासून लांब.

फाईल

माप आणि पिक्सेल आधी जुळवा. २४ बाय ३६ इंचाचा पत्रा हवा आणि इंचाला २०० पिक्सेल धरले तर ४८०० बाय ७२००, म्हणजे साडेचौतीस मेगापिक्सेल झाले. १५० धरले तर ३६०० बाय ५४००, साडेएकोणीस मेगापिक्सेल, साध्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात बसतं. मऊ कडांच्या मुरलेल्या रंगाला १५० पुरतात, ब्रशचे आणि खरवडल्याचे माग दाखवायचे असतील तर २०० च्या वर जा.

चित्राचं प्रमाण बदलू नका. तयार पत्रा २४ बाय ३६ चा मिळतो म्हणून २८ बाय ३६ चं चित्र कापून बसवायचं, हे ह्या चित्रांत चालत नाही, कारण कडेपासून रंग किती लांब थांबलाय हेच तर चित्र असतं. अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनच्या चित्रांत एक उभी रेघ असते, ती दोन बोटं सरकली तर चित्र दुसरंच होईल. पत्रा कापून घ्या, चित्र नको. मापाचा अजून एक मुद्दा म्हणजे ही चित्रं मुळात मोठी असायची, न्यूमनचं एक तर जवळजवळ आठ फूट उंच आणि अठरा फूट रुंद आहे, ते जवळ उभं राहून बघावं अशी त्यांची इच्छा होती. तेव्हा लहान आणि चार प्रती काढण्यापेक्षा मोठी आणि एकच काढा, हे माझं मत.

एडिटिंग १६ बिटमध्ये करा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, आणि नारिंगीतून तपकिरीत जाणारा पट्टा तीन फुटांवर ताणला की त्या पायऱ्या दिसायला लागतात, जिन्यासारख्या. माझा दुसरा पत्रा असाच गेला. फाईल जेपेग करून व्हॉट्सॲपवर पाठवली होती, तिथे ती अजून दाबली गेली, आणि मऊ जागी चौकोन उमटले. आता मी टिफ करते, त्यात चित्र खराब होत नाही, आणि पेन ड्राईव्ह घेऊन स्वतः जाते, लांबच्या गावाला असेल तर गूगल ड्राईव्हवर टाकून लिंक देते. मऊ चढउताराच्या जागी एक-दोन टक्के बारीक नॉईज, म्हणजे रंगाचे दाणे, घातला तर पायऱ्या मोडतात, लांबून अजिबात कळत नाही.

रंग जुळवताना कलर चेकरच्या फोटोवरून प्रोफाईल, म्हणजे रंग दुरुस्त करणारी फाईल, बनवा आणि तेच चित्राच्या फोटोला लावा. मग प्रिंटवाल्याकडून त्याच्या मशीन आणि पत्र्याचं आयसीसी प्रोफाईल मागा, त्यावर कुठला रंग कसा उतरतो ते सांगणारी ही फाईल असते. काही जण देतात, काहींना ते काय असतं ते माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर दुकान निवडायला हा एक प्रश्न पुरतो. प्रोफाईल मिळालं की सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय, चालू करून बघा, कुठले रंग छापता येणार नाहीत ते तिथेच दिसतं. कॅडमियम नारिंगी, झगझगीत गुलाबी आणि अल्ट्रामरीन निळा हे तीन त्रास देतात, नारिंगी मातकट होतो आणि निळा जांभळ्याकडे झुकतो. असं झालं तर सगळ्या चित्राची चमक वाढवत बसू नका. दोन रंगांतला फरक टिकवा. नारिंगी थोडा उतरला तर शेजारचा तपकिरीही तेवढाच उतरवा, म्हणजे त्या दोघांचं आपसातलं नातं तसंच राहतं, आणि ह्या चित्रांत बघणाऱ्याला तेच जाणवतं. आणि हो, मॉनिटरचा ब्राईटनेस कमी करा. फुल ब्राईटनेसवर एडिट केलेली फाईल छापल्यावर काळवंडलेली दिसते आणि आपण मशीनला दोष देतो.

पट्टी काढल्याशिवाय मोठा पत्रा नाही

चित्रातला सगळ्यात अवघड भाग निवडा, जिथे दोन रंग मिसळतात तो, आणि त्याची ८ बाय १० इंचाची पट्टी खऱ्या मापातच छापून घ्या, पूर्ण चित्र लहान करून नको. मग छापलेली पट्टी मूळ चित्राशेजारी धरून तीन उजेडांत बघा, दुपारी दारात, रात्री पांढऱ्या ट्यूबखाली, आणि पिवळसर एलईडीखाली. एका उजेडात जुळतो आणि दुसऱ्यात फाटतो असा रंग असतोच, मग जिथे चित्र लागणार आहे त्या उजेडावर जुळवायचं. पट्टीच्या मागे तारीख, फाईलचं नाव, प्रेसचं तापमान आणि वेळ मार्करने लिहा.

पट्टी काढायला बेळगावच्या बाहेर जायची गरज नाही. कॉफीचे मग आणि टी-शर्ट छापणाऱ्यांकडे हीट प्रेस असतंच, बहुतेक १५ बाय १५ इंचाचं, पत्रा आपण नेला तर ते करून देतात. मोठ्या पत्र्याला मोठं प्रेस लागतं, त्यासाठी पुणे किंवा बेंगळुरूला फाईल पाठवावी लागू शकते. पण ध्यानात घ्या, पट्टी एका मशीनवर आणि मोठा पत्रा दुसऱ्या मशीनवर असेल तर पट्टीचा उपयोग निम्मा. मोठ्या दुकानाकडूनच पट्टी मागवलेली बरी, कुरिअरचे चार दिवस जाऊ देत.

प्रेसवर उभं राहा

जिथे जमेल तिथे स्वतः उभं राहा. आमच्याकडचा मशीनवाला अण्णा पहिल्यांदा म्हणाला, "अक्का, ह्यात चित्र कुठाय, नुसता बण्णच हाय की." बण्ण म्हणजे कन्नडमध्ये रंग. मी त्याला पट्टी आणि मूळ चित्र शेजारी धरून दाखवलं, आणि त्यानंतर माझ्यापेक्षा तोच जास्त काळजीने बघायला लागला. त्यांना समजावून सांगितलं की ही माणसं फार मनापासून करतात, गडबडीत फाईल टाकून निघून आलं की होत नाही.

विचारायच्या गोष्टी सांगते. छापायच्या आधी नोझल चेक काढलात का? एक नोझल बंद असलं तर सपाट रंगात या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक रेघ येते. जास्त पासवर, म्हणजे शाईचं हेड एकाच जागेवरून जास्त वेळा फिरवून, छापा, आणि जमत असेल तर हेड एकाच दिशेने छापेल असं ठेवा, वेळ जास्त जातो पण पट्टे येत नाहीत. चित्र मिरर केलंय का, हे सपाट रंगाच्या चित्रात ऑपरेटरला कळत नाही कारण अक्षर नाही चेहरा नाही, त्यामुळे फाईलच्या बाहेरच्या कडेला, कापून जाणाऱ्या जागेत, मी एक लहान बाण आणि 'वर' असं लिहूनच देते. आणि कागदावर रंग फिके, मेल्यासारखे दिसले तर घाबरू नका, सब्लिमेशनचा रंग उष्णता लागल्यावरच खुलतो.

पावसाळ्यात ट्रान्सफर पेपर, म्हणजे चित्र आधी ज्यावर छापतात तो कागद, ओल धरतो. तसाच दाबला तर वाफ होऊन रंगात ढगासारखे डाग पडतात. म्हणून छापलेला कागद नीट वाळू द्यायचा, प्रेस आधी गरम करून घ्यायचं, आणि पेपरचं पाकीट प्लास्टिकमध्ये बंद ठेवायचं. प्रेसची प्लेट सगळीकडे सारखी तापते का हेही बघा, इन्फ्रारेड थर्मामीटरची गन मिळते, तिने नऊ ठिकाणी मोजा, एखादा कोपरा थंड असेल तर तिथे रंग फिका राहणार. वेळ आणि तापमान पत्रा विकणाऱ्याच्या कागदावर असेल तेच धरा. जास्त वेळ राहिलं तर काळा तपकिरी व्हायला लागतो.

पत्र्यावरची संरक्षक फिल्म शेवटच्या क्षणी काढायची, ब्लोअरने धूळ उडवायची, आणि ज्याचे धागे सुटत नाहीत असल्या कापडाने पुसायचं. कापडाचा एक धागा राहिला की तिथे निळा ठिपका कायमचा. कागद उष्णता सोसणाऱ्या टेपने पक्का बांधा, आणि प्रेस उघडल्यावर एका दमात उचला, सरकला तर कडेला सावली उमटते. मग पत्रा सपाट जागेवर गार होऊ द्या, उभा टेकवून ठेवू नका.

कडा आणि भिंत

कापलेल्या पत्र्याची कड हात कापेल इतकी धारदार असते. बेळगावच्या उद्यमबागेत धातूकामाची इतकी वर्कशॉप आहेत, कुणाकडूनही कानशीने कड मारून आणि कोपरे किंचित गोल करून घ्या, फक्त छापलेल्या बाजूला फिल्म परत लावून न्या.

२४ बाय ३६ चा सव्वा मिलिमीटरच्या आतला पत्रा पावणेदोन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे जड नाही, पण एवढा पातळ पत्रा नुसता टांगला की लवतो. मागे ॲल्युमिनियमच्या चॅनलची चौकट चिकटवून घ्या, कडेपासून तीन-चार इंच आत, म्हणजे समोरून दिसत नाही आणि चित्र भिंतीपासून अर्धा-पाऊण इंच पुढे तरंगल्यासारखं राहतं. आपल्या भागात ही पोकळी नुसती शोभेची नाही, ओल आलेल्या भिंतीपासून हवा खेळती राहते. जुन्या घरांच्या जांभ्याच्या भिंतीत खिळा धरत नाही, ड्रिल मारून प्लास्टिकची गिट्टी घालून स्क्रूच घ्या, आणि दोन ठिकाणी, म्हणजे चित्र तिरकं होत नाही. जास्त उंच लावू नका. खुर्चीवर बसलेल्या माणसाला समोर दिसेल इतकं खाली आणा.

ऊन थेट पडेल अशी भिंत नको. हार्वर्ड विद्यापीठात रोथकोनी केलेली मोठी चित्रं १९६४ ला एका जेवणाच्या दालनात लावली, तिथे काचेतून ऊन यायचं, वापरलेला एक लाल रंग उन्हाला कच्चा निघाला आणि चित्रं इतकी उतरली की १९७९ पर्यंत ती काढून गोदामात ठेवावी लागली. २०१४ ला परत दाखवली तेव्हा प्रोजेक्टरचा रंगीत उजेड टाकून गेलेला लाल भरून काढावा लागला. आपल्याला ते परवडणारं नाही. सब्लिमेशनचा रंगही उन्हात उतरतो, म्हणून आतली भिंत बघा, आणि दिवा लावायचा तर तीन ते चार हजार केल्व्हिनचा, सीआरआय ९० च्या वरचा. घरातली नेहमीची निळसर पांढरी ट्यूब नारिंगीला मारते. पुसायला ओलसर मऊ कापड पुरे, थिनर आणि भांड्याची घासणी लांब ठेवा.

सरांच्या सोप्यात तिसरा पत्रा लागून दोन पावसाळे झाले, मागे बोट फिरवलं तर कोरडं. मूळ कॅनव्हास कोरड्या खोलीत हलवलंय. अजून चार चित्रं काढायची आहेत, त्यातल्या निळ्याची पट्टी परवा आली, अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलाय, सरांनी ती खिडकीत धरून बराच वेळ बघितली आणि काही न बोलता माझ्या हातात परत दिली, म्हणजे फाईल परत उघडायची.